काठावरचं हिरवं बोट

१

माग थांबला आणि गोदावरीबाईंचा हात सुपातल्या लाखोळीच्या डाळीत तसाच राहिला.

मधल्या भिंतीपलीकडं त्यांचा दीर टिकाराम कोशाचं, म्हणजे टसर रेशमाचं, कापड विणायचा. मोहाडीच्या या कोष्टी मोहल्ल्यात एके काळी इतके माग होते की शेजारणीला हाक मारायची तर घसा ताणावा लागे. आता तो एकच उरला होता, आणि भिंतीच्या अलीकडं गोदावरीबाई एकट्या उरल्या होत्या. नवरा गेला, पोरं पुण्याला आणि रायपूरला कामाला लागली, तसा बाईंनी घरचा माग विकून टाकला. तो बैलबंडीत चढत होता तेव्हा टिकाराम अंगणात उभा राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला होता, "ज्याले विकायचं त्यानं विकावं. मी जिता आहो तवर या मोहल्ल्यातला माग बंद पडनार नाही." त्या दिवसापासून दीर-भावजयीत शब्द नव्हता. लग्नाच्या एकाच पंगतीत बसले तरी पाठीला पाठ.

बोलणं नव्हतं, पण ऐकणं होतं. ते मात्र बाईंनी कोणाला कळू दिलं नसतं, जीव गेला तरी.

माग थांबण्याचेही प्रकार असतात. धागा तुटला की थांबतो, कांडीवरचा दोरा संपला की थांबतो, विणणारा पाणी प्यायला उठला की थांबतो. आजचं थांबणं त्यातलं नव्हतं. आडवा दोरा नेणारा धोटा सरकल्याचा आवाज आला होता, मागोमाग तो दोरा ठोकून बसवणारी फणी आपटल्याचा यायला हवा होता, तो आलाच नाही. माणूस बोलता बोलता अर्ध्या शब्दावर गप्प व्हावा तसं झालं.

बाईंनी सूप खाली ठेवलं, पदर सारखा केला आणि ज्या उंबऱ्यावर पाय ठेवायचा नाही असं ठरवलं होतं, तो ओलांडला.

टिकाराम मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसल्या जागी पुढं वाकला होता, कपाळ विणलेल्या कापडावर. ओठ जांभळे. श्वास चालू होता, पण एक घेतल्यावर दुसरा घ्यायचं विसरून जातो की काय, इतका सावकाश. मागच्या खोलीत त्याची सून दामिनी शिलाई मशीनवर बसली होती. मशीनच्या आवाजात तिला काही कळलंच नव्हतं.

"दामिने, ठेव ते शिवनं. कोनाची गाडी भेटते पाय. अन याचे पाय खड्ड्यातून काढाले हात लाव."

दामिनी धावत आली. सासऱ्याकडं पाहिलं आणि दाराची चौकट धरून उभी राहिली.

"मोठीमाय, मी काही नाही केलं वो."

गोदावरीबाईंनी मान वळवून तिच्याकडं पाहिलं. तिला अजून कोणी काही विचारलंच नव्हतं.

२

भंडाऱ्याच्या दवाखान्यातली डॉक्टरीण तेजस्विनी वयानं बाईंच्या नातीएवढी होती, पण बोलायला सरळ होती. ते बाईंना बरं वाटलं.

"डोळ्याच्या बाहुल्या राईएवढ्या झाल्यात," ती म्हणाली. "अशा व्हायला मुख्य कारणं दोन. शेतात फवारायचं औषध पोटात गेलं तर, नाहीतर अफूच्या जातीचं काही घेतलं तर."

"फवारनीचंच असंल," पोलीस जमादार भय्याजी म्हणाले. ते मोहाडीचेच, बाईंच्या डोळ्यांसमोर चड्डी सावरत मोठे झालेले. "मोहल्ल्यात तेच बोलून राहिले."

"मोहल्ल्यानं बाहुल्या पाह्यल्या काय गा, भय्या?" बाई म्हणाल्या. "चूप बस, तिले बोलू दे."

डॉक्टरीण हसली नाही. "फवारणीचं औषध असतं तर तोंडाला फेस आला असता, घामानं अंग भिजलं असतं. यांचं तोंड कोरडं आहे. म्हणून मी अफूवरचा उतारा टोचला. श्वास सुधारला, डोळे उघडले. मग लघवी तपासली, तर तिच्यात अफू नाही. कुलूप उघडलं, पण किल्ली कोणती लागली तेच कळत नाही. आणि ते कळेपर्यंत पुढं काय द्यायचं, काय बंद करायचं, मी सांगू शकत नाही. उतारा ओसरला की पुन्हा गुंगी येते त्यांना."

टिकारामचा मुलगा चंदन जवाहरनगरच्या आयुध निर्माणीत होता, तिकडच्याच क्वार्टरमध्ये राहायचा. ड्यूटीच्या कपड्यांतच आला होता. "बाबा अन अफू?" तो म्हणाला. "चहात साखर जास्त झाली तं कप उलटा करनारा मानूस आहे तो."

"म्हनून तं विचारून राहिलो." भय्याजींनी आवाज खाली आणला. "तुमची शेजारीन रत्नाबाई सांगते, टिकारामभाऊले गाडीत घातलं अन तुई बायको मागच्या दारी जाऊन नालीत काहीतरी फेकून आली. काय फेकलं ते सांगत नाही. उद्या संध्याकाळी ठान्यात बयान घ्या लागते मले."

चंदननं बायकोकडं पाहिलंच नाही. भिंतीवरच्या पाटीकडं पाहत म्हणाला, "तू सानगडीले जाय, तुया बापाकडं. हे निपटेपर्यंत."

"निपटल्यावर बोलवसान काय?" दामिनीनं विचारलं.

तो पाटीच वाचत राहिला.

भांडण सासऱ्याचं होतं, म्हणून दामिनीनं ते कधी आपलं मानलं नव्हतं. सणासुदीला भिंतीच्या कट्ट्यावर झाकलेली वाटी ठेवलेली असायची, कोणाची ते न सांगता. बाई धुऊन परत ठेवायच्या, त्याही काही न सांगता. वर्षातून चार-सहा वेळा कोणाला तरी आपली आठवण होते, एवढाच त्या वाटीचा अर्थ. ही पोरगी सानगडीला गेली तर ती वाटीही गेली.

सगळे आत गेले. टिकारामचे डोळे अर्धवट उघडे होते.

"टिकारामभाऊ, काय खाल्लं होतं गा?" भय्याजींनी विचारलं.

टिकारामनं ओठ उघडले. तेवढ्यात त्याला गोदावरीबाई दिसल्या. "मले काही मालूम नाही," तो म्हणाला आणि भिंतीकडं तोंड केलं.

याला माहीत आहे, बाईंना वाटलं. ज्याला माहीत नसतं तो तोंड फिरवत नाही. चादरीवर पडलेल्या त्याच्या उजव्या हाताकडं त्यांचं लक्ष गेलं. एका बोटाच्या टोकाला हळदीचा पिवळा डाग होता. त्यात नवल नव्हतं. पण त्याच्या शेजारच्या बोटाच्या नखात हिरवं काहीतरी बसलं होतं, आणि मागावर तर सध्या नुसतं बदामी कापड चढलेलं होतं.

३

दामिनीला घेऊन बाई दुपारी मोहाडीला परतल्या. ठाण्यात जायला उद्याची संध्याकाळ होती.

मागासमोर बाई जराशा थबकल्या. या घरातल्या बायकांनी कांड्या भरायच्या, मागावर बसायचं नाही. मग त्यांनी लुगडं सावरलं आणि खड्ड्याच्या काठावर बसून विणून गुंडाळलेलं कापड उलगडायला घेतलं.

"पिवळं काय आहे हे, मोठीमाय?" दामिनीनं विचारलं. कापडाच्या काठावर जागोजाग पिवळे ठिपके होते.

"सासऱ्याघरी इतके साल राहून तुले मालूम नाही? सकाळी पहिला धोटा टाकायच्या आधी काठाले हळदीचं बोट लावतेत. आपल्या घरची रीत आहे. धुतलं की जाते, म्हनून घेनाऱ्याले कधी दिसत नाही. एका पिवळ्यापासून दुसऱ्या पिवळ्यापर्यंत त्याचा एक दिवस."

आणि प्रत्येक दिवसात, पिवळ्यापासून थोडं पुढं, काठावर एक हिरवट बोट होतं. पुढं दुपारच्या जागी आणखी एक.

बाईंनी डोळे मिटले आणि कापड बोटांनी वाचायला सुरुवात केली. पिवळ्यानंतरचं विणकाम ढिलं, दुखऱ्या हाताचं. हिरवं बोट आलं की कापड एकदम घट्ट. फणी कशी आपटली असेल ते बोटांना कळत होतं. मग पुन्हा ढिलं. पुन्हा हिरवं, पुन्हा घट्ट. दिवसामागून दिवस तेच.

"ज्या जागी हे बोट उमटलं तिथं बसनाऱ्याचाच हात पोचते," बाई डोळे न उघडता म्हणाल्या. "म्हनजे हे हिरवं त्याले कोनी खाऊ नाही घातलं. आपल्या हातानं घेऊन राहिला होता तो, मागावर बसल्या बसल्या."

दामिनी खाली बसली.

"अलीकडं कसा होता तो? खरं सांगजो."

"खरंच सांगते. पोट साफ नाही होत म्हनत, सारखं एरंडेल मागत. अन कधी कधी दिवसभर नाकातून पानी गये, जांभया देत, पाय चोळत बसत. भर उन्हाळ्यात अंगावर काटा. अशा दिवशी मले काहीही बोलत. मंग लाखनीले जाऊन येत, अन आल्यावर एकदम चांगले."

"लाखनीले कायले जाये?"

"दोरा आनाले, म्हनत."

दोरा तर घरपोच येत होता. बाईंनी कांड्यांची टोपली ओढली. भरलेल्या कांड्यांखाली रिकाम्या, रिकाम्यांखाली तंबाखूचा जुना डबा, आणि डब्यात हिरवी पूड, चमचा रुतवलेला. वास सुकल्या पाल्याचा.

"हा तं कळम असंल," दामिनी म्हणाली. सासऱ्याला ती मामाजी म्हणे. "मामाजी दुखऱ्या खांद्यासाठी सानगडीच्या सुखराम वैद्याकडून कळमाचा पाला आनत पहिले."

बाई कापडाच्या शेवटच्या हातभर भागावर आल्या होत्या. त्यांचं बोट मागं गेलं, पुन्हा पुढं आलं. इथंही पिवळं होतं, हिरवं होतं. पण हिरव्यानंतर कापड घट्ट व्हायच्या ऐवजी चाळणीसारखं सैल झालं होतं. ज्या पुडीनं हात चालत होता, त्याच पुडीनं शेवटी शेवटी तो गळून पडत होता.

"नालीत काय फेकलं, दामिने?"

दामिनी रडत उठून मागच्या खोलीत गेली.

४

सुखराम वैद्य सानगडीत गुरांच्या गोठ्याजवळ खाटेवर बसला होता. सकाळच्या एसटीनं आलेली म्हातारी पाहून त्यानं आधी पाणी दिलं, मग कारण विचारलं. बाईंनी डबा पुढं केला.

"टिकाराम दवाखान्यात पडून आहे. हे तू देल्लं काय?"

सुखरामनं पूड तळहातावर घेतली, वास घेतला, कणभर जिभेला लावून थुंकला. "मी पाला देतो बाई, पूड कधी देत नाही. पूड केली की कोनती वनस्पती हे देव बी सांगू शकत नाही. आपला कळम नव्हे हा. ह्याचा कडूपना वेगळा आहे. मी पाला शेकून खांद्याले बांधाले सांगत होतो."

"बांधला होता त्यानं?"

"बांधला असंल. दोन साल झाले, तो आलाच नाही. मागं बाजारात भेटला तं मलेच हासला. म्हने, तुया पाल्यानं खांदा गरम होते फक्त. लाखनीले टेकचंदकडं तयार कळम भेटते, पोटात घेतला की खांदा आहे हेच इसरतो मानूस." सुखरामनं डबा परत दिला. "कळम म्हटलं म्हनून भेला नाही तो. आपल्या बांधावरच्या झाडाले कोन भेते?"

लाखनीला महामार्गाच्या कडेला, ट्रक थांबतात तिथं, टेकचंदचं पान-बिडी, बिस्किटं आणि मोबाइल रिचार्जचं दुकान होतं. बाईंनी डबा काउंटरवर आपटला.

"टिकारामची वयनी आहो मी. ह्याचं पाकीट दाखव."

"आमी चूर्न ठेवतच नाही, आजी."

"नाही ठेवत तं त्या बोर्नव्हिटाच्या डब्यामागं कायले हात गेला तुया?"

टेकचंदनं हात मागं घेतला. दोन ड्रायव्हर सिगारेट पेटवता पेटवता थांबून ऐकत होते. त्यानं पाकीट काढून दिलं, हिरवं, इंग्रजी अक्षरांचं.

"वाच."

"क्रॅटम लिवलं आहे. झाडाचा पाला आहे आजी, दुसरं काही नाही. आपल्या कळमाचा भाऊ, बाहेरच्या देशातला. ड्रायव्हर लोक घेतेत, थकवा जाते."

"अन तू त्याले कळम म्हनून इकला."

"समजावं म्हनून सांगतलं. अन माह्यावर कायले चढता? दोन साल झाले टिकारामभाऊ तेवढाच चमचा घेऊन राहिला. पुडीनंच मरायचा असता तं केवाच मेला असता ना?"

बाईंच्या तोंडात टेकचंदसाठी चांगले चार शब्द तयार होते, ते तिथंच राहिले. माणूस खोटारडा होता, पण ही एक गोष्ट खरी बोलला होता. पूड तीच, चमचा तोच. मग आत्ताच काय झालं?

त्या पाकीट घेऊन भंडाऱ्याच्या बसमध्ये बसल्या. बाहेर धानाच्या बांध्या पाण्यानं भरलेल्या होत्या. खिडकीला डोकं टेकून त्यांनी डोळे मिटले आणि टिकारामचा माग कानात आणायचा प्रयत्न केला. आधीचा, आणि मग या शेवटच्या दिवसांतला. कापडावरून अर्धं कळलं होतं. उरलेलं अर्धं त्यांच्या कानात होतं, आणि ते सांगायचं म्हणजे सगळ्यांसमोर सांगावं लागणार होतं. टिकारामसमोरसुद्धा.

५

पाकिटावरचं नाव वाचून डॉक्टरीण खुर्चीतून उठली.

"आता जमलं. आजी, हे झाड आपल्या कळमाच्या कुळातलंच आहे, पण कुळ एक असलं म्हणून गुण एक नसतात. ह्याच्या पाल्यातली द्रव्यं अफूच्याच कुलपात जाऊन बसतात. थोडं घेतलं तर तरतरी येते, दुखणं कळत नाही. जास्त झालं तर गुंगी, आणि श्वास मंद. पण ते अफूचं रसायन नाही, म्हणून अफूच्या तपासणीत सापडत नाही. उतारा मात्र थोडाफार लागू पडतो."

"नाक गये त्याचं. पोट साफ नसे."

"रोज घेणाऱ्याचं तसंच होतं. अंगाला सवय लागते, नाही मिळालं की नाक, जांभया, पाय. झाडाचा पाला म्हणून लोक भीत नाहीत, तेच वाईट."

टिकारामच्या खाटेभोवती चंदन, भय्याजी आणि दामिनी उभे होते. टिकाराम भिंतीकडं तोंड करून पडला होता, पण झोपला नव्हता. त्याचा कान लाल झालेला बाईंना दिसत होता.

"चला, पूड भेटली," भय्याजी म्हणाले. "पन दोन साल पचली, अन आता अंगावर आली? सुनेनं त्यात काही कालवलं नाही कायवरून?"

"मी सांगते," गोदावरीबाई म्हणाल्या. त्यांनी कापडाचा तुकडा पिशवीतून काढला. तो त्यांनी मागावरून कापून आणला होता. पिवळं बोट दाखवलं, हिरवं दाखवलं, घट्ट कुठं, सैल कुठं, सगळ्यांना हात लावायला लावला. "पूड अन चमचा बदलला नाही. पन पोळ्यापासून पुडीचा गुन उलटा झाला. पहिले पूड घेतली की हात चाले. पोळ्यानंतर पूड घेतली की हात बसे."

भय्याजींनी कापड चोळून पाहिलं. "सैल तं म्हातारा मानूस केवाही विनन, बाई. खांदा जास्त दुखला असंल. पुडीनंच मंद झाला, हे कापडावर कुठं लिवलं आहे?"

खरं होतं. कापडावर ते लिहिलेलं नव्हतं.

बाईंनी कापडाची घडी घातली. खोलीत पंखा कुरकुरत होता.

"मी ऐकत होती," त्या म्हणाल्या.

"काय?"

"बहिरा आहेस काय? मी ऐकत होती त्याचा माग. रोज. सकाळी सुरू होये तवापासून बंद होयेपर्यंत, भिंतीले पाठ लावून." त्यांनी खाटेकडं पाहायचं टाळलं. "चहा झाला की पहिले थकल्यावानी चाले. मंग मधात थांबे जरासा, चमचा घेयाले थांबत असंल, अन मंग धोटा असा पळे का सोळा वर्सांचं पोट्टं बसलं आहे. दुपारी पुन्हा तसंच. पोळ्यापासून तसा थांबला की पुढं पळाच्या ऐवजी पेंगाले लागे. दोन धोटे, मंग गप्प. एक धोटा, मंग गप्प. खांदा दुखनाऱ्याचा माग अडखळते गा, पेंगत नाही. दोन्ही आवाज मले वेगळे येतेत. मले वाटलं, म्हातारा झाला."

टिकारामनं हळूच मान वळवली होती.

बाई दामिनीकडं वळल्या. "पोळ्याच्या सुमारास घरात नवीन काय आलं? नालीत फेकलं तेच ना?"

दामिनीनं पदराचा बोळा तोंडाशी धरला. "मामाजींच्या कमरेले गजकर्न झालं होतं, पावसाच्या ओल्या कपड्यानं. दुकानातून कॅपसूल आनल्या, अन खाजेची गोळी. मीच हातात देत होती रोज. मामाजी पडलेले दिसले अन मले वाटलं, माह्याच गोळ्याइनं झालं. भेऊन पाकिटं फेकली."

डॉक्टरीणनं कॅपसूलचं नाव विचारलं. दामिनीला ते अर्धंमुर्धं आठवलं, तेवढं पुरलं.

"हेच," डॉक्टरीण म्हणाली. "आजी, क्रॅटम अंगाबाहेर पडतं ते लिव्हरच्या एका दारानं. ही बुरशीची कॅपसूल तेच दार लोटून घेते. चमचा तोच राहिला, पण कालचं बाहेर पडायच्या आत आजचं आत गेलं. साठत गेलं. वर खाजेची गोळी झोप आणणारी. तीन गोष्टींनी मिळून श्वास दाबला. तू दिलेलं औषध चुकीचं नव्हतं," ती दामिनीला म्हणाली. "पुडीचं तुला माहीतच नव्हतं, तर तू दुकानात काय विचारणार होतीस?"

"पूड अन गोळी, दोन्ही मालूम असनारा एकच मानूस होता." बाई आता खाटेकडं वळल्या. कितीतरी वर्षांनी त्या दिराशी समोरासमोर बोलत होत्या. "दोन्ही मिळून असं होते हे तुले मालूम नव्हतं, कबूल. पन सून ठान्यात जाऊन राहिली, हे तं इथं पडल्या पडल्या ऐकलं ना? तरी म्हने, मालूम नाही. भैताडा, कोनासाठी लपवलं?"

टिकाराम पुरता त्यांच्याकडं वळला.

"मीच घेत होतो, वयनी," तो म्हणाला. "पोरीचा काही दोष नाही. भय्या, लिवून घे." मग उजवा खांदा दाबत, "खांदा केवाचाच गेला. फणी ओढवत नव्हती. पन मी बोलून बसलो होतो ना सगळ्याइसमोर. माग बंद पडला असता तं तू भिंतीपल्याड हासली असती."

"मी हासली नसती," गोदावरीबाई म्हणाल्या. "मी काय केलं असतं, ते तुले नाही समजनार."

भय्याजींनी टोपी डोक्यावर घातली, पुन्हा काढली. चंदन बायकोजवळ गेला. "घरी चल," तो म्हणाला.

"कोनत्या?" दामिनीनं विचारलं.

ह्या वेळी त्यानं तिच्याकडं पाहिलं. "जवाहरनगरले. बाबाले घेऊन. मी येऊन राहतो म्हनत होतो, आलो नाही. आता तुमीच या."

६

पूड एकदम तोडायची नाही, हळूहळू उतरवायची, असं डॉक्टरीणनं सांगितलं, आणि टिकारामच्या आदळआपटीकडं लक्ष देऊ नका, असंही. पुडीवाचून खांद्यानं फणी ओढणं शक्य नव्हतं. भय्याजींनी टेकचंदच्या दुकानातली पाकिटं उचलून नेली. टेकचंद अजून सगळ्यांना सांगतो की तो नुसता झाडाचा पाला आहे.

जायच्या दिवशी दामिनी घराची किल्ली द्यायला आली. सोबत झाकलेली वाटी होती. ह्या वेळी कट्ट्यावर न ठेवता हातात दिली.

"येत जाईन, मोठीमाय."

"जाय आता. बस चुकन."

मग मोहल्ल्यात शांत झालं. बाईंना वाटलं होतं की माणसाला सवय होते. सकाळी चहा झाला की त्यांची पाठ आपोआप भिंतीला लागायची, आणि भिंत म्हणजे नुसती भिंत असायची, गार. डाळ निवडताना खडे आता सगळे सापडायचे. दुसरीकडं लक्ष द्यायला काही नव्हतं. कोडं सोडवणाऱ्याला बक्षीस मिळतं म्हणतात. बाईंनी पोरगी वाचवली, दीर वाचवला, आणि त्याबदल्यात घरातला शेवटचा आवाज स्वतःच्या हातानं बंद केला. त्याचं वाईट वाटू द्यायचं नाही असं त्यांनी ठरवलं होतं. ठरवलेल्या गोष्टी त्यांना साधत आल्या होत्या; ही साधली नाही.

दिवाळीच्या आधी एका सकाळी त्या झाडू घेऊन पलीकडं गेल्या. मागावर उभ्या दोऱ्यांचा अर्धवट ताणा तसाच होता, कापून नेलेल्या तुकड्याची कड लोंबत होती. बाईंनी ती कड पुन्हा ताणून बांधली, घरी जाऊन हळदीची डबी आणली आणि काठाला बोट लावलं. मग इकडंतिकडं पाहून, खड्ड्यात पाय सोडून बसल्या. धोटा टाकला. तो मध्येच अडकला. तो पुढं लोटून फणी ओढली. खट्.

एवढ्या मोठ्या घरात तो आवाज अगदी एकटा वाटला.

कमरेच्या पिशवीत फोन वाजला. दामिनी होती. "मोठीमाय, मामाजी सकायपासून जीव खाऊन राहिले. इथं क्वार्टरमध्ये काही आयकू येत नाही म्हनतेत, झोप लागत नाही. तुमाले फोन लावाले सांगतलं, अन आता बोलत नाहीत. नुसते कानाले लावून बसले."

बाईंनी फोन मागाच्या लाकडावर ठेवला, धोटा टाकला, फणी ओढली. पुन्हा टाकला, पुन्हा ओढली. पलीकडं कोणीतरी श्वास घेत होतं. नीट, एकामागून एक.

बऱ्याच वेळानं फोनमधून आवाज आला. "वयनी, फणी सैल मारून राहिली तू."

"तं तू येऊन मार," गोदावरीबाई म्हणाल्या, आणि जरा जोरात ओढली.